हेतू कुठे असतो?

ग्वाल्हेर घराण्याच्या गवयांमध्ये हस्सू खाँच्या मृत्यूची एक आख्यायिका पिढ्यानुपिढ्या सांगितली जाते. शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ नावाचे थोर ख्यालिये होते. त्यांच्या तानेला तोड नव्हती, आणि ती विद्या ते बाहेर जाऊ देत नसत. नत्थन पीरबक्षांचे नातू हद्दू आणि हस्सू यांना पडद्याआड बसवून ते गाणं ऐकवण्यात आलं. पोरांनी ते असं उचललं की काही काळाने भर दरबारात त्यांनी तीच गायकी मांडली. बडे महंमद खाँ काय समजायचं ते समजले. पुढे एका मैफलीत हस्सू खाँ मियाँमल्हार गात होते. गाता गाता त्यांनी छातीवर जबर ताण देणारी एक तान घेतली. बडे महंमद खाँनी तोंड भरून दाद दिली आणि म्हणाले, वाहवा, तीच पुन्हा एकदा होऊ द्या. हस्सू खाँनी पुन्हा तान घेतली. बरगडी सरकली आणि तोंडातून रक्त आलं. आजोबांनी शेल्याने ते पुसलं आणि घेतलेली तान पुरी करायला सांगितलं. हस्सू खाँ त्यातून वाचले नाहीत.

प्रत्येक गवय्या ही गोष्ट थोडी वेगळी सांगतो. तानेचं नाव बदलतं, तपशील मागेपुढे होतात. बडे महंमद खाँचे शब्द मात्र सगळीकडे सारखेच राहतात, आणि ते मैफलीतले अगदी रोजचे शब्द आहेत. हजारो श्रोत्यांनी हजारो गवयांना ‘पुन्हा एकदा’ म्हटलं आहे आणि गवय्यांनी त्यात धन्यता मानली आहे. मग या एका प्रसंगी त्याच शब्दांना मारेकऱ्याचं रूप का यावं? उत्तर सरळ आहे, हेतूमुळे. पण हा हेतू सांगणाऱ्यांना कळला कसा? बडे महंमद खाँनी तो कधी कबूल केल्याचं कुणी सांगत नाही. विद्या चोरली गेल्याचा राग, दरबारातली स्पर्धा, ती तान दोनदा घेणं घातक असतं हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसणं, या सगळ्यावरून घराण्याने तो वाचला. कदाचित घराण्याने अन्यायही केला असेल. त्यांची दाद मनापासूनची असणं अशक्य नाही. तरी एवढं खरं की या गोष्टीतला हेतू बडे महंमद खाँच्या काळजात दडलेला नाही. त्यांचे शब्द, ते उच्चारण्याची वेळ, ऐकणारा आणि दोघांचा मागचा इतिहास यांच्या मधोमध तो उभा आहे.

मला जे मांडायचं आहे ते याच जागेबद्दल. आज सार्वजनिक जीवनात एक वाक्य फार स्वस्त झालं आहे : ‘माझा तसा हेतू नव्हता.’ सभेत बोललेला नेता, वर्गात बोललेला शिक्षक, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काहीबाही टाकलेला काका, सगळे शेवटी याच वाक्याचा आसरा घेतात, आणि ते उच्चारलं की वाद मिटावा अशी अपेक्षा करतात. यामागे एक समजूत आहे. हेतू ही मनाच्या आतल्या खोलीत ठेवलेली वस्तू, खोलीची किल्ली फक्त बोलणाऱ्याकडे, म्हणून त्याने सांगितलेला हेतू अखेरचा. ही समजूत चुकीची आहे आणि तिने आपल्या बोलण्याचं मोठं नुकसान केलं आहे. माणसाच्या बोलण्यात हेतू सर्वांत महत्त्वाचा आहे हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच तो एकट्या बोलणाऱ्याच्या हवाली करता येत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. वाक्याचा अर्थ कळायला काय काय लागतं याची यादी करताना नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, तात्पर्य नावाचं एक अंग मानलं. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त त्याची चर्चा आहे, आणि ते शिकवताना पाठशाळांमध्ये सैंधवाचं उदाहरण हमखास येतं. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधुदेशाचा घोडाही. जेवायला बसलेला माणूस ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणाला तर घोडा. शब्द तोच असतो आणि निवाडा तात्पर्याने होतो. तात्पर्य म्हणजे बोलणाऱ्याची इच्छा, असं नैयायिक सांगतात. इथवर ते ‘माझा हेतू’ म्हणणाऱ्याच्या बाजूचे वाटतील. पण ती इच्छा ऐकणाऱ्याला कळते कशावरून? ताट वाढलेलं आहे यावरून. म्हणजे प्रकरणावरून, प्रसंगावरून. पानावर बसून मीठ मागितल्यासारखं बोलायचं आणि नंतर ‘मला घोडा म्हणायचं होतं’ असा दावा करायचा, याला तिथे जागा नाही.

मग पोपटाचा प्रश्न येतो. पोपट बोलतो आणि आपल्याला अर्थ कळतो, पण पोपटाची काही इच्छा नसते. नैयायिकांनी हा आक्षेप टाळला नाही. पोपटाचं बोलणं खरं ठरत असेल तर त्यामागे ईश्वराचं तात्पर्य माना, खोटं ठरत असेल तर त्याला शिकवणाऱ्याचं, असं उत्तर त्यांनी दिलं. पहिला भाग आज प्रत्येकाला पटेल असं नाही, पण दुसऱ्या भागापुढे मी दर वेळी थांबतो. शब्द ज्याच्या तोंडून आले त्याला हेतू नसेल, तर तो शोधत मागे जा आणि ज्याने हे शब्द त्या तोंडात घातले त्याला विचारा. आता यंत्रं माणसासारखी वाक्यं रचू लागली आहेत, आणि दुसऱ्याने लिहिलेला मजकूर न वाचताच पुढे ढकलणारी माणसं तर घरोघरी आहेत. त्यांच्या बाबतीत जबाबदारी कुणाची, हे ठरवण्याचा रस्ता त्या जुन्या वादात आखलेला आहे.

वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक याहून पुढे गेले. त्यांच्या मते वेदांना कर्ताच नाही, ते अपौरुषेय आहेत. कर्ता नाही तर त्याची इच्छा कुठून आणणार? तरीही वेदवाक्यांचं तात्पर्य ठरवल्याशिवाय यज्ञ कसा करायचा तेच कळेना. म्हणून तात्पर्य ओळखण्याच्या खुणा ठरल्या, आणि मीमांसेच्या मुशीतल्या त्या खुणा वेदान्त्यांनीही वापरल्या. सुरुवात आणि शेवट एकमेकांशी जुळतात का, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते, नवं असं काय सांगितलं आहे, फळ काय म्हटलं आहे, स्तुती कशाची आहे, युक्तिवाद कशाच्या बाजूने आहे. या सहांपैकी एकही खूण बोलणाऱ्याच्या मनात डोकावायला सांगत नाही. सगळ्या खुणा मजकुरातच आहेत, कुणालाही तपासता येतील अशा. ‘वेदान्तपरिभाषे’ने तर तात्पर्याची व्याख्याच बदलली आणि विशिष्ट बोध घडवण्याची वाक्याची योग्यता म्हणजे तात्पर्य, असं म्हटलं. अर्थ न समजता पाठ म्हणणाऱ्याच्या तोंडूनही ऐकणाऱ्याला बोध होतोच, तो त्याच्या इच्छेमुळे होत नाही, हे त्यामागचं कारण. आपल्या परंपरेने हेतूला कधी क्षुल्लक मानलं नाही. तो सर्वांसमोर, पुराव्याने ठरवण्याची शिस्त मात्र तिने घालून दिली.

पंडितांचं राहू द्या, आपल्या घरातल्या बायकांना हे कुठल्याही शास्त्राआधी ठाऊक होतं. लेकी बोले सुने लागे ही म्हण त्याची साक्ष आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिंद्यांच्या फौजेबरोबर येऊन स्थायिक झालेली मराठी घरं आहेत. तिथल्या जुन्या वाड्यातलं एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. पंगत बसली आहे. सासूबाई माहेरपणाला आलेल्या लेकीला म्हणतात, ‘अगं, तुझ्या घरी आमटी अशी पातळ चालत नसेल ना?’ लेक हसते. आमटी सुनेने केलेली आहे. ती वाढता वाढता क्षणभर थांबते आणि पुढच्या पानाकडे वळते. रात्री ती नवऱ्याजवळ बोलते, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने विचारलं तर सासूबाईंचं उत्तर तयार असतं, ‘मी तिला कुठे काय म्हटलं? मी तर माझ्या लेकीशी बोलत होते.’

या एका वाक्यात हेतूचं सगळं राजकारण आहे. टोमणा म्हणजे ज्याला लागायचा त्याला लागावा आणि तरी नाकारता यावा अशा बेताने बोललेलं वाक्य. नाकारण्याची सोय त्यात आधीच शिवलेली असते, ती नंतर सुचलेली पळवाट नसते. १९५७ साली पॉल ग्राइस या इंग्लिश तत्त्वज्ञाने अर्थावर एक लहानसा निबंध लिहिला. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यात काही परिणाम घडवायचा असतो, आणि आपला हा हेतू ऐकणाऱ्याने ओळखावा, त्या ओळखण्यातूनच तो परिणाम घडावा, हेही त्याला हवं असतं, अशी त्याची मांडणी आहे. संभाषणाचं मर्म त्याने नेमकं पकडलं. पण सासूबाईंना एका कानाने ओळखावं आणि दुसऱ्याने ओळखू नये असं हवं असतं. सुनेने ओळखावं, मुलाने ओळखू नये. अशा वेळी बोलणाऱ्यालाच साक्ष विचारणं म्हणजे आरोपीलाच निकाल लिहायला बसवणं. सून चूक समजली असं कुणी म्हणत असेल तर त्याने पंगत आठवावी. आमटी कुणाची होती, वाढत कोण होतं, हे वाक्य याआधी किती वेळा आलं होतं? मीमांसकांची अभ्यासाची खूण, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट, तिथेही लागू पडते.

दुसऱ्या टोकाला जाणारे लोकही आहेत. त्यांचं म्हणणं असं की शब्द एकदा बाहेर पडला की बोलणाऱ्याचा त्याच्यावरचा हक्क संपला, अर्थ ऐकणाऱ्याचा. साहित्याच्या समीक्षेत याला मोठं बळ मिळालं. १९४६ साली विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली या अमेरिकी समीक्षकांनी कवितेचा निवाडा कवीच्या हेतूवरून करण्याला दोष ठरवलं, आणि १९६७ साली रोलाँ बार्थने लेखकाचा मृत्यूच जाहीर केला. कवितेपुरतं त्यातलं बरंच मला मान्य आहे. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांची गाणी ज्याने त्याने आपापल्या सुखदुःखाला लावून घेतली, त्यात तांब्यांवर अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण हेतू सर्वस्वी टाकून द्या असं कुणी सांगू लागलं की मी त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या वाटेवर चतुर्भुज मंदिरात नेईन.

हे लहानसं विष्णुमंदिर एका कातळात कोरलेलं आहे. आत इ. स. ८७६चा शिलालेख आहे, प्रतिहार राजा भोजाच्या काळातला. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली आणि देवाला रोज ५० माळा मिळाव्यात, असं त्यात नोंदवलं आहे. या २७०मधलं आणि ५०मधलं शून्य लहानशा वर्तुळासारखं कोरलेलं आहे. दशमान पद्धतीतल्या शून्याच्या भारतातल्या सर्वांत जुन्या, निश्चित सनाच्या नोंदींपैकी ही एक. आज लांबलांबून माणसं ते वर्तुळ पाहायला येतात. माळांचा हिशेब करायला कुणी येत नाही.

लेख कोरणाऱ्याचा शून्याबद्दल काही सांगण्याचा हेतू नव्हता. म्हणून वरवर पाहता हे उदाहरण ऐकणाऱ्याच्या बाजूचं वाटतं : दात्याने बाग दिली, जगाने त्यातून शून्य घेतलं. पण ते वर्तुळ शून्य आहे हे आपल्याला कळलं कशावरून? ती नक्षीची टिकली किंवा छिन्नीचा घसरलेला घाव का नसावा? इथे जमिनीचं माप आणि माळांची संख्या सांगायची आहे हा लिहिणाऱ्याचा हेतू आपण आधी ओळखला, म्हणून. तो हेतू वजा केला तर त्या दगडावर एक खळगा उरतो. बोलण्यातून बोलणाऱ्याच्या मनात नसलेलंही खूप काही निष्पन्न होतं, होऊ द्यावं, पण तिथे पोहोचायची वाट त्याच्या हेतूवरूनच जाते. ज्यांना वाक्याचा तुकडा तोडून हवा तो अर्थ चिकटवायचा असतो ते ही वाट चुकवतात, आणि मग वाचन करण्याऐवजी ते दुसऱ्याच्या तोंडात आपलं वाक्य घालत असतात.

हेतूची आणखी एक अडचण आहे. तो बोलण्याआधी पुरता तयार असतो का? ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपुरात १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलत आणि हिंदीत लिहीत. ‘एक साहित्यिक की डायरी’मध्ये त्यांनी निर्मितीचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला तीव्र अनुभवाचा, दुसरा तो अनुभव आपल्या मूळ वेदनेपासून सुटून कल्पनाचित्र होण्याचा, तिसरा ते चित्र शब्दांत उतरण्याचा. शब्दांत उतरताना ते बदलत जातं, भाषा त्याला वळवते, असं त्यांचं निरीक्षण आहे. हे कवितेइतकंच रोजच्या बोलण्यालाही लागू आहे असं मला वाटतं. रागाच्या भरात तोंडून गेलेलं वाक्य ऐकून आपणच दचकतो, आणि आपल्या मनात हे होतं हे आपल्याला तेव्हा कळतं. ‘तसा हेतू नव्हता’ असं सांगणारा प्रत्येक जण खोटं बोलत असतो असं म्हणूनच मी म्हणत नाही. पुष्कळदा तो स्वतःबद्दल अर्धवट माहिती देत असतो.

कायद्याला तर हा गुंता सोडवावाच लागतो, कारण तिथे माणसाची सुटका किंवा शिक्षा त्यावर ठरते. १९२७ साली भारतीय दंडसंहितेत कलम २९५ अ आलं. धर्मभावना दुखावण्याच्या गुन्ह्यासाठी त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं कृत्य ही अट आहे. कुणाला तरी वाईट वाटलं एवढं तिथे पुरेसं नाही. बदनामीच्या कलम ४९९ने मात्र जाळं मोठं विणलं : इजा करण्याचा हेतू असेल, किंवा इजा होईल हे माहीत असेल, किंवा तसं मानायला कारण असेल, तर तिन्ही परिस्थितींत बोलणारा जबाबदार. आणि सद्भावनेचा बचाव घ्यायचा तर दंडसंहिता विचारते, पुरेशी काळजी घेऊन आणि लक्ष देऊन बोललात का? निष्काळजी बोलण्याला ती सद्भावना मानत नाही. २०२४च्या जुलैपासून दंडसंहितेची जागा न्यायसंहितेने घेतली, कलमांचे क्रमांक बदलले, ही दृष्टी कायम आहे. कुणाच्या काळजात न शिरताही हेतू तपासता येतो हे या रचनेवरून दिसतं.

ग्वाल्हेरचा संबंध असलेल्या एका खटल्यात हे कसोटीला लागलं. गांधीहत्येसाठी वापरलेलं पिस्तूल ग्वाल्हेरहून गेलं होतं, आणि त्या संदर्भात इथले डॉ. दत्तात्रय परचुरे आरोपी झाले. त्यांचा कबुलीजबाब ग्वाल्हेरच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवला गेला. पुढे त्यांनी तो नाकारला, तो स्वेच्छेने दिलेला नव्हता असं म्हणून. कबुलीजबाबात शब्द सगळे असतात. ते धाकाने वा आमिषाने काढलेले निघाले तर कायदा ते मोजत नाही. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने १९४९ साली त्यांना निर्दोष सोडलं.

त्याच खटल्यात एक मराठी वाक्य साऱ्या देशापुढे आलं. १७ जानेवारी १९४८ला सावरकरांनी गोडसे आणि आपटे यांना ‘यशस्वी होऊन या’ असं म्हटल्याचं माफीचा साक्षीदार बडगे याने सांगितलं. परीक्षेला निघालेल्या मुलाला प्रत्येक आई म्हणते ते हे वाक्य. सावरकरांनी ते नाकारलं. शिवाय ते म्हटलं गेलं असं धरलं तरी निजामविरोधी प्रतिकार, वर्तमानपत्रासाठी पैसा उभा करणं अशा कितीतरी कामांना उद्देशून ते असू शकतं, अशी बाजू मांडली. बडग्याच्या साक्षीला या बाबतीत स्वतंत्र पुष्टी नाही, म्हणून तिच्यावर विसंबणं धोक्याचं, असं म्हणून न्यायमूर्ती आत्माचरण यांनी सावरकरांना निर्दोष सोडलं. त्या निकालावर आजही तावातावाने वाद होतात. मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. न्यायालयाने वाक्याला त्याच्या शब्दांवरून दोषी धरलं नाही, आणि आरोपी नाही म्हणतो एवढ्यावरून सोडलंही नाही. वाक्य उच्चारलं गेलं का, कशाला उद्देशून, आणि आसपासचा पुरावा काय सांगतो, हे त्याने पाहिलं.

आपल्या रोजच्या भांडणांत एवढी शिस्तही उरलेली नाही. एकीकडे बोलणारे ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ म्हणून माफी मागतात. या ‘तर’मध्ये अपराध ऐकणाऱ्याच्या भावनेवर ढकललेला असतो. दुसरीकडे ऐकणारे दहा सेकंदांचा तुकडा पाहून माणसाच्या आत्म्याचा निकाल लावतात, मागचं-पुढचं भाषण मागवण्याचे कष्ट घेत नाहीत. दोघांचीही चूक मुळात एकच आहे. दोघांनाही हेतू तपासायचा नाही. एकाला तो आपल्या शब्दावर मान्य करून हवा आहे, दुसऱ्याला तो न पाहताच ठाऊक आहे.

म्हणून वाचकांपाशी माझं मागणं आहे. तुमच्या शब्दाने कुणी दुखावला आणि तुमचा तसा हेतू खरोखर नसेल, तर ते सांगा, पण तिथे थांबू नका. मी काय बोललो, कुठे बोललो, तिथे कोण बसलं होतं, त्याने ते तसं का घेतलं, हे त्याच्यासमोर बसून बोला, आणि त्याचं घेणं रास्त वाटलं तर तुमचा हेतू काहीही असो, शब्द बिनशर्त मागे घ्या. आणि तुम्ही दुखावले गेला असाल तर निकाल लावण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा, तुला काय म्हणायचं होतं? उत्तर मान्य करायलाच हवं असं नाही. पण प्रश्न विचारल्याशिवाय तो तुकडा पुढे पाठवू नका.